पाणी उतरलं की शाळा खाली भरायची

दुसरी मोठी लढाई संपली आणि नगरच्या छावणीतली कोठारं एकेक करून बंद झाली. कारकून, हमाल, शिवणकाम करणाऱ्या बाया, सगळ्यांना घरी बसवलं. मी त्यातल्याच एका कोठारात शिपायांच्या सदऱ्यांना बटणं लावत होते. सातवीची फायनल पास झालेली, मास्तरची पोर बटणं लावते म्हणून आई आधी हळहळायची. काम सुटल्यावर मात्र ती शेजारणीला सांगायची, "बरं होतं ते. निदान बाहेर तरी जात होती." वडील वारले होते. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला जायचं आणि बाकीचे दिवस खिडकीत बसून रस्ता बघायचा, एवढंच उरलं होतं.

अशात एका निवृत्त हेडमास्तरांनी बेकार मुलामुलींसाठी वर्ग काढला. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. त्यांच्याकडे काही महिने शिकायचं आणि मग जिथं शाळाच नाही अशा एखाद्या वस्तीवर जाऊन पोरांना शिकवायचं. पगार नाही. राहण्याजेवण्याची सोय वस्तीनं करायची. आई म्हणाली, "फुकट राबायला एवढ्या लांब?" पण नको म्हणाली नाही.

वर्ग एका रिकाम्या धान्याच्या वखारीत भरत असे. गुरुजी तिथं चटया अंथरायचे आणि आम्हाला त्या रिकाम्या चटयांना शिकवायला लावायचे. "समोर पोरं बसलीत. ती कोपऱ्यातली रडतेय, तिला विचारा का रडते." पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो. पण थोड्याच आठवड्यांत आमच्यापैकी कुणी त्या चटया ओलांडून जाईनासं झालं. सगळे कडेकडेनं जायचे. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं.

पहिला धडा सगळ्यांचा एकच ठरलेला. फळ्यावर घराचं चित्र काढायचं, मग घ, मग र. गुरुजी म्हणत, "पोराला दुसरं काही ठाऊक नसेल, पण घर ठाऊक असतंच."

दिवाळी झाल्यावर आम्हाला दोघादोघांच्या जोडीनं पाठवलं. माझ्याबरोबर बेलापूरकडची एक मुलगी होती, शेतकऱ्याची. लग्न ठरून मोडलं होतं आणि घरात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे, त्याला कंटाळून ती वर्गात आली होती. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. आवाज खणखणीत, आणि भीती म्हणून नाही. आम्हाला अकोल्याच्या डोंगरातली एक वाडी मिळाली, भंडारदऱ्याच्या धरणाच्या काठची.

सर्व्हिस मोटारीनं संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर, आणि पुढं पायी. घ्यायला वाडीतला एक माणूस आला होता. डोक्यावर आमची ट्रंक घेऊन तो पुढं चालत होता. डावीकडं धरण तुडुंब भरलेलं. वाट वळली तशी त्यानं एका ठिकाणी ट्रंक खाली ठेवली, पाण्याकडं तोंड केलं आणि हात जोडून "राम राम" म्हणाला. मी बघितलं. तिकडं पाण्याशिवाय काही नव्हतं. ताईनं विचारलं, "कुणाला राम राम?"

"घरच्यांना," तो म्हणाला, आणि ट्रंक उचलून चालू लागला.

आमची राहण्याची सोय एका म्हाताऱ्या जोडप्याच्या खोपटात केली होती. म्हातारीला आम्ही मावशी म्हणायचो, म्हाताऱ्याला सगळी वाडीच बाबा म्हणायची. त्यांचा मुलगा आणि सून शेजारच्या खोपटात राहत. वाडीतली सगळीच खोपटं कुडाची होती आणि आज बांधली, उद्या मोडायची, अशी दिसायची. एकाही घराला उंबरा नव्हता. मी मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "उंबरा खाली हाय."

दुसऱ्या दिवशी एका हिरड्याच्या झाडाखाली शाळा भरली. ताईनं काळं फडकं फांदीला टांगलं, त्यावर घर काढलं आणि विचारलं, "हे काय?"

"घर," पोरं म्हणाली.

"तुमचं घर कुठंय? दाखवा बरं."

सगळ्या पोरांनी एकदम हात केले. एकही हात खोपटांकडं गेला नाही. सगळे हात पाण्याकडं होते.

ताई हसली. "अरे, मी घर विचारलं, पाणवठा नाही."

पोरं हसली नाहीत. पुढं बसलेली एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "खालीच हाय, बाई. आता त्याच्यावर पानी हाय."

"मग ही समोरची?"

"ही वस्ती."

हळूहळू आम्हाला कळलं. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. त्याला वीस-एक वर्षं झाली होती. म्हणजे आमच्यासमोर बसलेल्या एकाही पोराचा जन्म त्या गावात झालेला नव्हता.

बाबा बोलत नसत. जळण आणत, दोर वळत, खोपट शाकारत, आम्हाला जेवायला बसायला हातानं खुणावत, पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, कसल्या आजारानं वाचा गेली असेल.

मावशी म्हणाली, "आजार कसला? वर आल्यापासनं बोलले न्हाईत एवढंच."

"म्हणजे पूर्वी बोलायचे."

"बोलत्यात की. खाली बोलत्यात."

मला वाटलं, तिचं व्याकरण चुकलं. "खाली बोलत होते" असं तिला म्हणायचं असेल. मी मनातल्या मनात तिचं वाक्य दुरुस्त केलं आणि सोडून दिलं.

हिवाळा चांगला गेला. पोरं हुशार होती. रोज दुपारी दोन-चार बायाही येऊन मागं बसू लागल्या. ताईनं त्यांना गाणी म्हणायला लावून अक्षरं शिकवली. होळीनंतर मात्र वाडीचं लक्ष उडाल्यासारखं झालं. पाणी खाली सरकू लागलं होतं. काठाला आधी तांबड्या चिखलाचा पट्टा दिसला, मग वाळलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आले, मग एका देवळाचा कळस. धडा चालू असताना पोरं मान वळवून खाली बघायची. बायांनी खोपटापुढचं अंगण सारवणं सोडलं. मावशीनं तर झाडलोटही थांबवली.

वैशाखातल्या एका सकाळी झाडाखाली कुणीच आलं नाही. मावशी आणि बाबाही आम्ही जाग्या व्हायच्या आधीच बाहेर पडले होते. आम्ही वाट बघितली, मग बोलवायला निघालो. पहिलं खोपट रिकामं, दुसरं रिकामं. चुलीत राख थंडगार. कोंबड्यासुद्धा नाहीत. लख्ख ऊन पडलं होतं आणि सगळ्या वाडीत आमच्या दोघींच्या पावलांचा आवाज येत होता.

ताई म्हणाली, "पटकीबिटकी आली की काय? पळाले का सगळे?"

आम्ही कड्याच्या टोकाशी गेलो. खाली, पाणी हटलेल्या चिखलाच्या सपाटीवर, दगडी जोत्यांच्या चौकोनी रेघा दिसत होत्या. पाटीवर आखल्यासारख्या. आणि प्रत्येक चौकोनात माणसं बसली होती. कुणी हिंडत नव्हतं, कुणाचा आवाज वर येत नव्हता. एवढ्या उंचीवरून ती सगळी वाडी निश्चल दिसत होती.

आम्ही उतरलो. चिखल वाळून तडकला होता आणि त्याला मेलेल्या माशांचा वास होता. गावाच्या वेशीवर एक शेंदूर फासलेला दगड होता. शेंदूर ओला, नुकताच लावलेला. तिथून पुढं गल्ली होती. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी जोती, भिंती नाहीत, छप्पर नाही. एका जोत्याशी आमच्या शाळेतला एक मुलगा कळशी घेऊन आला. त्यानं पाय उंच उचलून काहीतरी ओलांडलं, मग मान खाली घालून वाकला आणि आत गेला. त्याच्या डोक्यावर मोकळं आभाळ होतं.

ताईनं माझा हात घट्ट धरला. त्या मुलाच्या मागून एक बाई आली, तीही त्याच जागी तशीच वाकली. त्या घरांची दारं म्हणे फार बुटकी होती.

"कोन हाय? बाहेर का उभ्या?"

घोगरा, सावकाश आवाज. मी वळून बघितलं. एका जोत्यावर घोंगडी पसरून बाबा बसले होते. मावशी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. बाबा माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, "आत या की. वाकून या, चौकट खाली हाय."

मी वाकले. का, ते मला सांगता येणार नाही. यजमान वाकून या म्हणाला आणि मी वाकले. ताई बाहेरच उभी राहिली.

"कोनाच्या तुमी?" बाबांनी विचारलं. "कधी आल्या?"

सहा महिने मी त्या माणसाच्या पंगतीला जेवत होते. मी मावशीकडं बघितलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "नगरच्या बाई हायत. पोरास्नी शिकवत्यात."

"असं व्हय? लई चांगलं. शाळा कुठं भरवता?"

"वर," मी म्हणाले.

"वर कुठं?"

मी कड्याकडं बोट केलं. बाबांनी डोळ्यांवर हात धरून तिकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझी कीव आल्यासारखं म्हणाले, "वर रान हाय, बाई. वर कोन ऱ्हातंय?"

त्या दिवसापासून शाळा खाली भरू लागली, चावडीच्या जोत्यावर. रोज सकाळी सगळे उतरायचे आणि दिवस कलला की चढायचे. ताई कुरकुरत होती, पण पोरं तिथंच होती, मग आम्ही कुठं जाणार?

पहिल्याच सकाळी मी पोरांना मोठ्यानं म्हणायला लावलं. घ, र, घर. पोरं ओरडली आणि गप्प झाली. मग पाण्याच्या पलीकडून आवाज आला: घर. लहान पोरांचा नव्हता तो आवाज, आणि त्यांच्या मानानं सावकाश होता.

ताई म्हणाली, "डोंगराचा प्रतिध्वनी आहे." असेलही. पण पुन्हा म्हणवलं तेव्हा पोरं आपणहून थांबली, पलीकडचं म्हणून होऊ दिलं, आणि मगच पुढं गेली. शाळेत सगळ्यांना सामावून घ्यायचं असतं ना, तशी.

मावशी येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "जरा हळू म्हनवा. ऐकत्यात."

"कोण?"

"वर आले न्हाईत ते."

"सगळे आले ना वर?"

"जित्ते तेवढे आले," ती म्हणाली.

बाबाही शाळेत येऊन शेवटी बसू लागले. चिखलात बोटानं अक्षरं काढायचे. घ त्यांना लगेच आला. एकदा मी पाण्यातला प शिकवला. त्यांनी तो नीट काढला, त्याच्याकडं बघितलं आणि तळहातानं पुसून टाकला. "ह्यो नको," म्हणाले.

ते खूप बोलत. जंगलातल्या मधाच्या पोळ्यांविषयी, कुठल्या घराला कुठली सोयरीक झाली त्याविषयी. एका संध्याकाळी वर जाताना ते मला त्यांच्या भावाची गोष्ट सांगत होते. भाऊ दोरानं कड्यावरून खाली पोळं काढायला उतरला होता. "दोर धरून मी वर उभा. खालनं त्यो म्हनाला, दादा, दोर..." तेवढ्यात आम्ही शेंदराच्या दगडाशी पोचलो. बाबांचा पाय पलीकडं पडला आणि गोष्ट तुटली. मला वाटलं, धाप लागली. "मग? काय म्हणाला?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोपटात मी जो म्हातारा बघत आले होते, तोच तो होता. माझं बोलणं त्याला ऐकू आलं होतं की नाही, तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागून उतरत होते. दगड ओलांडला आणि बाबा मान न वळवता म्हणाले, "...सोड म्हनाला. मध मिळाला, दोर सोड. मी न्हाई सोडला." आणि गोष्ट पुढं चालू झाली.

ताईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर नाही. आपण नगरला जाऊ." पण त्याच दुपारी तीही एका बाईला अक्षर दाखवायला तिच्या जोत्यावर गेली ती दारातूनच गेली.

ज्येष्ठ सरत आला. आमच्याकडं अजून कोरडं ऊन होतं, पण पश्चिमेला घाटमाथ्यावर पाऊस लागला असावा, कारण एका दुपारी पाणी चढू लागलं. कडक ऊन, वारा नाही, आणि पाणी काही आवाज न करता गल्लीतून येत होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेका घरातली माणसं उठली, चूल विझवली, वाकून बाहेर आली, मागं वळून हात जोडले आणि चालू लागली.

बाबा उठेनात. त्यांचा मुलगा बाहेर उभा राहून विनवत होता, "बाबा, चला. वर जाऊ." ते जणू ऐकतच नव्हते. एरवी संध्याकाळी ते बोलण्याच्या नादात आमच्याबरोबर दगडापलीकडं येत. पण वर काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, तर 'वर जाऊ' म्हटल्यावर जायचं कुठं? पाणी जोत्याला लागलं.

ताईचा धीर सुटला. "अरे, बघत काय बसलात?" म्हणत ती बाजूनं सरळ जोत्यावर चढली आणि बाबांचा दंड धरला.

बाबा किंचाळले. "भिंत! भिंत पाडली!" आणि गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्या माणसांनी, बायांनी, पोरांनी एकदम डोक्यावर हात घेतले, वरून काही कोसळावं तसे. ताई जागच्या जागी थिजली. मग दंड सोडून ती खाली उतरली आणि खांदा धरून उभी राहिली.

मी पाण्यातून वळसा घालून पुढं गेले. उंबरा ओलांडला, वाकले, आत गेले आणि बाबांसमोर बसले. घोंगडीची कड भिजली होती. मला एवढंच कळत होतं की ते त्यांच्या घरात आहेत आणि मी पाहुणी आहे.

"बाबा," मी म्हणाले, "दिवस कलला. मी निघते आता. पण एकटीला भीती वाटते. मला पोचवायला येता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मावशीकडं. "पाव्हनीला काय दिलंस का न्हाई?"

मावशीनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. बाबा काठी घेऊन उठले, वाकून बाहेर पडले आणि माझ्यापुढं चालू लागले. पाणी घोट्यावरून पोटरीला आलं होतं. "हितं पायरी हाय, जपून. हितल्या घरात कुत्रं हाय, पन चावत न्हाई." मी पायरीवर जपून पाय टाकला. मागून मावशी, मुलगा, ताई.

शेंदराचा दगड अर्धा बुडाला होता. बाबा थांबले. "जावा आता सांबाळून. मी माघारी जातो."

मी त्यांचा हात धरला होता, तो सोडला नाही. एक पाऊल पलीकडं टाकलं. पाहुणीचा हात झिडकारणं त्यांच्यानं होईना. तेही आले. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं. तोंड तसंच उघडं राहिलं, आणि आवाज आला नाही.

वर पोचेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

त्या रात्री ताईला ताप भरला. मी तिचं पोलकं बदलायला गेले तर उजव्या खांद्यावर हे एवढं काळंनिळं. ती म्हणाली, "त्या वेळी लागलं. दगड लागल्यासारखं लागलं गं." तिथं दगड नव्हता. ती पावसाळाभर राहिली, पोरांना चांगलं शिकवलं आणि दिवाळीला बेलापूरला परत गेली. पुढं तिचं लग्न झालं. आम्ही भेटलो की पोरांविषयी बोलायचो, त्या दुपारविषयी कधीच नाही.

मी आणखी एक वर्ष राहिले. बाबा माघात गेले, वर, खोपटात, न बोलता. त्यांची राख मावशीनं गाडग्यात घालून ठेवली. वैशाखात पाणी उतरल्यावर ती खाली नेऊन चुलीमागं पुरली आणि घोंगडी पसरली. येणारा-जाणारा प्रत्येक जण दाराशी थांबून म्हणे, "राम राम बाबा." मी ख्रिस्ती घरातली, मेलेल्यांशी बोलायचं नाही असं शिकलेली. पण मीही म्हणाले. न म्हणता तिथून पुढं जाणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

मग मला नगरला एका शाळेत नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी त्या वाडीतली एक मुलगी माझं घर शोधत आली. शाळेच्या पहिल्या दिवशी आम्हाला समजावून सांगणारी तीच. तिला मास्तरीण व्हायचं होतं, परीक्षेसाठी नगरला आली होती. चहा घेताना मी मावशीचं विचारलं. मावशीही गेली होती.

"अजून उतरता का खाली?" मी विचारलं.

"न्हाई, बाई. आता पानी तेवढं उतरतच न्हाई."

"मग वैशाखात काय करता?"

"काठावर बसतो. समदी जनं. दिवसभर."

"आणि काय बोलत बसता?"

तिनं कप खाली ठेवला. "आमी न्हाई बोलत, बाई. ते बोलत्यात. आमी ऐकतो."

ते काय बोलतात, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. तिनं मला परीक्षेतलं गणित फार अवघड असतं का म्हणून विचारलं, आणि मग संध्याकाळची मोटार सुटायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी त्रैराशिकं सोडवत बसलो.